काचेचं दुसरं टोक

४ जून

प्रिय टिचकी,

तुझं पत्र काल मिळालं. दहावीला विज्ञान दोन प्रकारचं असणार हे वाचून आधी आनंद झाला आणि लगेच काळजी लागली. तुला माहीत आहे मी कशी आहे ते.

आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. सगळ्यांना संयुक्त विज्ञान. भौतिक, रसायन आणि जीव यांची एकत्र बांधलेली मोळी, पुस्तक एक आणि बाई एक. त्या मोळीतलं रसायन पुढे कॉलेजात मला किती अपुरं पडलं, हे मी घरी कधी सांगितलं नाही. वर्गात सगळे पुढचं पान उलटायचे आणि मी मागचं शोधत बसायचे. विचारणार कुणाला? आपल्या घरात शाळेची पायरी चढलेली मीच पहिली.

म्हणून सांगते, तू स्वतंत्र घे. तिन्ही विषय वेगळे शिकवतील, प्रयोग स्वतःच्या हाताने करायला मिळतील. शाळा सुटल्यावर जादा तास असतील, आपल्या काचेच्या दुकानात पोचायला उशीर होईल, हे मला कळतं. मोठी काच उचलताना दुसऱ्या टोकाला तू असतेस, हेही कळतं. तू पाचवीत असेपर्यंत तिथे मी असायचे. आता मी इथे पांढरा कोट घालून पाण्याचे नमुने तपासते. माझ्या हातांवरचे चरे कधीच बुजले. तुझ्या हातांवर नवे पडत असतील, हे रोज कोट चढवताना मनात येतं.

आईबाबांनी 'ताई सांगेल ते' असं म्हटलं, असं तू लिहिलंस. एवढा विश्वास टाकला की मला भीतीच वाटते. तरीही सांगते. स्वतंत्र घे. हे पत्र नेहमीसारखं दुकानात मोठ्यानं वाचायला हरकत नाही.

तुझी,
ताई

११ जून

प्रिय ताई,

वाचलं मोठ्यानं. आता परिणाम ऐक.

बाबा पुट्टी मळत होते, आई आरशाच्या चौकटी पुसत होती. मी 'स्वतंत्र घे' वाचलं आणि आईचा हात थांबला.

"कोण स्वतंत्र होतंय?"

"मी. म्हणजे मी नाही. विज्ञान."

"ताईनं लिहिलंय तुला, स्वतंत्र हो म्हणून?"

"अगं आई, विज्ञान स्वतंत्र! तीन विषय वेगवेगळे राहणार."

"कशाला वेगळे राहायचं? एकत्र काय वाईट चाललंय त्यांचं?"

आणि ताई, ती रडायलाच लागली. बाबा म्हणाले, "अगं, विज्ञान काही वेगळी चूल मांडत नाही." त्यावर आई म्हणाली, "भाऊजीसुद्धा आधी नुसतं स्वतंत्र होतो एवढंच म्हणाले होते. चूल नंतर मांडली." मग बाबा पुन्हा पुट्टी मळायला लागले. काका वेगळे झाल्यावर बाबांच्या काचेचं दुसरं टोक रिकामं झालं आणि ते तू धरलंस, ही गोष्ट आपल्या घरात कुणी बोलत नाही, पण विसरलंही कुणी नाही. तर यापुढे तो शब्द पत्रात लिहिताना जरा जपून.

आता खरी बातमी. तुझं पत्र यायच्या आधीच मी बाईंना सांगून टाकलं होतं की मी संयुक्त घेते. रागावू नकोस. संयुक्त घेतलं की आठवड्याचे काही तास मोकळे राहतात आणि त्या तासांना तांत्रिक चित्रकला घेता येते. मोठी तिरकी टेबलं, लांब पट्ट्या, वर्तुळं काढायचे भलेमोठे कंपास. मला ते पाहूनच हात शिवशिवतात. चौकोनी काच कुणीही कापतं. मला गोल खिडकीची काच कापायची आहे, एकही टवका न उडवता.

माझ्या बाकावरची चष्मिस मात्र स्वतंत्र घेतेय. तिला डॉक्टर व्हायचंय. प्रयोगशाळेत टेबलं मोजकीच, त्यातली शेवटची जागा तिला मिळाली. वऱ्हांडाभर नाचली वेडी, चष्मा पडला तेव्हा थांबली.

इकडे सगळे मजेत. बाबांचा खांदाबिंदा सगळं ठीक आहे.

तुझी,
टिचकी

१८ जून

टिचकी,

हे पत्र घरी वाचून दाखवू नकोस.

बाबांच्या खांद्याबद्दल मी विचारलंच नव्हतं. मग 'खांदा ठीक आहे' हे तू का लिहिलंस?

तू लहानपणापासून अशीच. मोठा तुकडा माझ्या ताटात सरकवायचीस आणि म्हणायचीस, मला भूकच नाही. मग मोरीजवळ बसून पातेल्याच्या कडा चाटताना मी तुला पकडायचे. आता तो तुकडा विज्ञानाचा आहे, एवढाच फरक. तांत्रिक चित्रकला मोकळ्या तासांत आहे, जादा तास नाहीत, म्हणजे शाळा सुटली की तू थेट दुकानात. हिशेब मला जमतो. तू बाबांसाठी संयुक्त घेतलंस आणि मला वाईट वाटू नये म्हणून वर गोल खिडकी बसवलीस.

मी काच सोडून आले. ती तुझ्या हातात आली. तुझ्या सगळ्या पुढच्या वर्षांवर त्या काचेचं वजन मी ठेवणार नाही. काय करायचं ते मी बघते.

ताई

२० जून

आदरणीय बाईंस सादर नमस्कार,

मी आपली जुनी विद्यार्थिनी, काचवाल्यांची थोरली मुलगी. आपण मला शाळेत शिकवलंत, त्याची आठवण माझ्या कामात रोज होते.

माझ्या धाकट्या बहिणीने दहावीसाठी संयुक्त विज्ञान निवडल्याचे समजले. तिने ते घरच्या अडचणीमुळे निवडले आहे. स्वतंत्र विज्ञान शिकावे अशी तिची मनापासूनची इच्छा आहे, पण ती स्वतः तसे म्हणणार नाही. आईवडिलांना लिहितावाचता येत नाही, त्यामुळे घरच्यांच्या वतीने मीच लिहीत आहे. तिला स्वतंत्र विज्ञानाच्या वर्गात घ्यावे, ही विनंती. ती आपल्याला नाराज करणार नाही.

आपली नम्र,
काचवाल्यांची थोरली

२ जुलै

ताई,

बाईंनी भर वर्गात सांगितलं. "तुझ्या ताईचं पत्र आलंय. किती जीव आहे गं तिचा तुझ्यावर! आजपासून तू स्वतंत्रला." सगळ्यांनी वळून पाहिलं. मला वाटलं, कुणाला तरी काहीतरी झालं म्हणून पत्र आलंय.

आणि जागा कुठून आली, विचार ना. जागा संपल्या होत्या. बाईंनी गुण बघितले. माझे चष्मिसपेक्षा थोडे जास्त. तिला सांगितलं, तुझं नाव प्रतीक्षेत ठेवते. प्रतीक्षेत! ती दप्तर उचलून मागच्या बाकावर जाऊन बसली. मी मधल्या सुट्टीत गेले तर म्हणाली, "काचवाली कसली, कापवाली तू! तोंडावर गोड बोलतेस आणि मागून कापतेस. काच कापायची हिरकणी खिशात घेऊनच फिरतेस वाटतं."

मी तुला तिच्याबद्दल लिहिलं होतं. शेवटची जागा तिची आहे असं लिहिलं होतं. तू ते वाचलं नाहीस?

मी बाईंना म्हटलं, मला नको, मला संयुक्तच हवंय. त्या म्हणाल्या, "घरून लेखी आलंय. तुझ्यासारखी शहाणी पोरगी माघार का घेतेय ते मला कळतंय गं." त्यांनाही तूच कळवलंस ना, की मी खरं बोलणार नाही? आता मी काहीही म्हटलं तरी तो त्यागच. मी 'हो' म्हटलं तर हो, 'नाही' म्हटलं तरी हो. लेखी आलं तर लेखीनंच बदलेल, आणि घरातलं लेखी म्हणजे तू.

लहानपणी दुकानात तूच मला शिकवलंस. काचेवर हिरकणीनं एकदाच रेघ मारायची. मारलेल्या रेघेवर पुन्हा हिरकणी फिरवली की काच रेघेवर तुटत नाही, वाटेल तिकडे फुटते. मी माझी रेघ मारली होती, ताई.

टिचकी

५ जुलै

चि. थोरलीस बाबांचा आशीर्वाद.

(बाबा सांगतायत, मी लिहितेय. कंसातलं माझं. आपलं भांडण मिटलंय असं समजू नकोस.)

इकडे सर्व ठीक. धंदा बेताचा. उजवा खांदा वर जात नाही. (मी म्हटलं, बाबा, हे कशाला? ते म्हणाले, वाचून दाखव काय लिहिलंस. मी खांदा गाळून वाचलं. आई म्हणाली, खांदा राहिला. म्हणून लिहिलं.) जिन्यावरून मोठा आरसा उतरवताना झटका बसला. त्याला आता बरेच महिने झाले. तुला कळवू नको असं मीच धाकटीला बजावलं होतं, तेव्हा तिला बोल लावू नकोस. (हे मात्र मी स्पष्ट अक्षरात लिहिलंय.) दवाखान्यात दाखवलं. जड उचलू नका म्हणाले. आता काच उचलायची नाही तर काय, फुंकर मारून न्यायची? मोठी कामं कमी घेतो. धाकटी असते.

तुमचं दोघींचं काय बिनसलंय? तुझं मागचं पत्र तिनं वाचून दाखवलं नाही. हरवलं म्हणते. ते तिच्या उशीखाली आहे. आईनं बघितलंय, पण बघून उपयोग काय, आईला वाचता येत नाही. (आई!) तुझी आई ते पत्र हातात घेऊन बसली होती. म्हणाली, अक्षर तर रागावलेलं दिसतंय.

शाळेतलं आम्हाला कळत नाही. म्हणून तुझ्यावर टाकलं. पण शिकणार आहे ती, तिला विचारूनच कर. ती बोलते कमी असं तुला वाटतं. तसं काही नाही. दुकानात तोंड बंद नसतं तिचं. (बाबा!)

जेवत जा.

बाबा
(अंगठा उमटवू का विचारत होते. मी म्हटलं, आवाजावरून कळेल तिला.)

१० जुलै

प्रिय टिचकी,

बाबांचं पत्र मी कामाच्या ठिकाणी उघडलं आणि नमुन्यांच्या बाटल्यांसमोर तशीच उभी राहिले. खांद्याचं मी बरोबर ओळखलं होतं. आणि त्यानं माझं काहीच बरोबर ठरत नाही.

तू विचारलंस, चष्मिसचं वाक्य मी वाचलं नाही का. वाचलं होतं. वरवर वाचलं. ती नाचली, तिचा चष्मा पडला, इथे मी हसलेसुद्धा. मग बाईंना पत्र लिहायला बसले तेव्हा ते वाक्य आठवलं आणि मी स्वतःला म्हटलं, शाळा बघून घेईल, एखादं टेबल वाढवतील. टेबलं वाढत नाहीत हे मला माहीत आहे. मी त्याच प्रयोगशाळेत शिकले.

आणि बाईंना मी लिहिलं की स्वतंत्र विज्ञान ही तुझी मनापासूनची इच्छा आहे. तू असं कुठेच म्हटलं नव्हतंस. मन माझं होतं, नाव तुझं घातलं. कामावर एखाद्या बाटलीवर चुकीची चिठ्ठी लागली तर मी सगळ्या बाटल्या पुन्हा तपासते. इथे मी स्वतःच्या हाताने चुकीची चिठ्ठी लावली आणि वर डिंक जास्त लावला.

मला फक्त एक सांग. बाबांचा खांदा धडधाकट असता, तर तू काय घेतलं असतंस? जे लिहिशील ते मी बाईंना कळवीन. समजूत काढण्यासाठी लिहू नकोस. मला ते ओळखता येत नाही, हे आता दोघींना कळलंय.

ताई

१५ जुलै

ताई,

खांदा धडधाकट असता तर काय घेतलं असतं? मला माहीत नाही.

तीन दिवस विचार केला, म्हणून पत्राला उशीर. कधी वाटतं, स्वतंत्र घेतलं असतं, तुझ्यासारखा पांढरा कोट घातला असता. कधी वाटतं, नाही. पण मला एक कळत नाही. तो खांदा बाजूला काढून मी ठरवायचं म्हणजे कसं? तो बाबांचा आहे, बाबा घरात आहेत, मी घरात आहे. तुला वाटतं की खरी टिचकी म्हणजे कुणाचा खांदा न दुखणारी टिचकी. अशी कुणी नाहीये. मी जी आहे तीच ठरवणार ना?

अर्धं कारण खांदा आहे. कबूल. मी ते लपवलं, ते माझं चुकलं.

बाकीचं अर्धं सांगते. स्वतंत्रच्या वर्गात गेले काही दिवस बसतेय. छान आहे, वाईट नाही. पण चित्रकलेच्या खोलीवरून जाताना मी थांबते. सर फळ्यावर लंबवर्तुळ काढत होते. दोन खिळे, एक दोरा, आणि दोरा ताणून खडू फिरवला की आपोआप अंड्यासारखा आकार. माझ्या तोंडातून मोठ्यानं 'आई गं' निघालं. सर म्हणाले, "दारात कोण आहे? आत ये किंवा पुढे जा." मी पुढे गेले, कारण माझा तास रसायनाचा होता. ते 'आई गं' कुणाच्या खांद्यासाठी नव्हतं, ताई.

आणि तू गेलीस त्याचा मला राग नाही. कधीच नव्हता. तू गेलीस तेव्हा मी दुसरं टोक धरलं आणि बाबा म्हणाले, "जमतंय की!" मला केवढं भारी वाटलं होतं. तू ते टोक ओझं म्हणून मोजतेस. मला राग एवढाच आहे की तू निघून गेलीस म्हणून मीही निघालंच पाहिजे, नाहीतर तुझं जाणं चुकीचं ठरतं, असं तू वागतेस. तुझं जाणं चुकीचं नव्हतं. ते मला सिद्ध करायला लावू नकोस.

चष्मिस अजून मागच्या बाकावर आहे.

टिचकी

१८ जुलै

आदरणीय बाईंस सादर नमस्कार,

माझ्या २० जूनच्या पत्रात मी लिहिले होते की स्वतंत्र विज्ञान घ्यावे अशी माझ्या बहिणीची मनापासूनची इच्छा आहे. ते खरे नव्हते. मी तिला विचारले नव्हते. तिने आधीच आपल्याला स्वतःच्या तोंडाने संयुक्त सांगितले होते आणि तेच तिचे उत्तर होते. ती माघार घेत आहे असे आपल्याला वाटले, ते माझ्या पत्रामुळे.

कृपया तिला संयुक्त विज्ञान आणि तांत्रिक चित्रकला या वर्गात घ्यावे, आणि जिची जागा तिला दिली गेली त्या मुलीला तिची जागा परत मिळावी. त्या मुलीलाही कळू द्यावे की हे माझ्या बहिणीने केलेले नाही. हवे असल्यास हे पत्र वर्गात वाचून दाखवावे. ते पहिलेही सगळ्यांसमोरच कळले होते.

आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व.

आपली,
काचवाल्यांची थोरली

९ ऑगस्ट

प्रिय ताई,

बाईंनी वाचून दाखवलं नाही. फक्त चष्मिसला बोलावून तिच्या हातात दिलं. तिनं चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाला लावून वाचलं. मग येऊन माझ्या बाकावर बसली, आणि प्रयोगशाळेत गेली तेव्हा दप्तर माझ्याकडेच ठेवून गेली. मला अजून 'कापवाली' म्हणते. पण आता हसत म्हणते.

बाईंनी मला मात्र बाजूला घेतलं. म्हणाल्या, "तुझी ताई माझी सगळ्यात काळजी करणारी विद्यार्थिनी. उत्तर बरोबर असलं तरी खोडून पुन्हा लिहायची. कागदाला भोक पडायचं." मी म्हटलं, अजून पडतं.

चित्रकलेचे सर कडक आहेत. पहिल्याच दिवशी माझं वर्तुळ बघून म्हणाले, "हा बटाटा कुणी काढला?" तरी मजा येते.

दुकानात बाबांनी आता मोठे आरसे घेणं बंद केलंय. वाईट वाटतं त्यांना, पण म्हणतात, "छोट्या काचेतही तोंड पूर्णच दिसतं." आईनं सोबतच्या पुडक्याभोवती सगळी जुनी वर्तमानपत्रं गुंडाळलीत. आत मी कापलेली पहिली गोल काच आहे. एकाच रेघेत. कडा घासल्यात, बोट फिरवून बघ. बाबा म्हणाले, पाठवू नको, वाटेत फुटेल. मी म्हटलं, फुटली तर ताई स्वतःलाच बोल लावेल, आपल्याला काय!

हातात घेतलीस की टिचकी मार आणि आवाज ऐक. मी लहान असताना सगळ्या काचांना मारायचे तशी. नाव उगाच नाही पडलं.

तुझी,
टिचकी

१७ ऑगस्ट

प्रिय टिचकी,

पुडकं आलं तेव्हा मी ते लगेच उघडलं नाही. टेबलावर ठेवलं, हलवून कान लावला, पुन्हा ठेवलं. आत तुकडे असतील तर मला त्या दिवशी ते बघायचे नव्हते. चहा केला. तो थंड झाला. मग वर्तमानपत्रं एकेक करून सोडवली. आईनं एवढी गुंडाळलीत की शेवटी वाटलं, आत काच नाहीच.

काच आहे. एका कडेला बारीकसा टवका उडालाय. तो प्रवासात उडाला की तू उडवलास, हे विचारणार नाही. तडा गेलेला नाही. दोन बोटांत धरून टिचकी मारली. आवाज स्वच्छ आला. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय वाजलं?

माझं मन अजून खातं. तुला खोटं कशाला सांगू? बाबांच्या खांद्याचं कळल्यापासून जिना चढताना माझाच हात कठड्याकडे जातो. चष्मिस त्या मागच्या बाकावर बसली ते दिवस मी परत देऊ शकत नाही. आणि कधीतरी तुला रसायन हवं होतं असं वाटलं, तर त्या दिवशी मी काय म्हणेन, याचीही भीती मी आत्तापासून बाळगून आहे. पण ती भीती माझी आहे. ती मी माझ्याकडेच ठेवते, पत्रात घालून तुझ्या शाळेत पाठवणार नाही.

पुढच्या महिन्यात रजा मिळतेय. बाबांना सांग, एखादा मोठा आरसा अडला असेल तर घेऊन ठेवा. त्यांनी बाकावर बसून फक्त ओरडायचं. उचलायचं आपण दोघींनी. माझी सवय गेली आहे, हात मऊ झालेत, हसू नकोस. पुढचं टोक तू धर, वाट तुला माहीत आहे. मी मागचं धरते. 'उचल' तू म्हण, 'ठेव' पण तूच म्हण. तू म्हणेपर्यंत मी ठेवणार नाही.

तुझी,
ताई